रुपया पडणार का, शरयू?

भावोजी विचारतात

भावोजींनी माझं ताट बाजूला सरकवलं आणि त्या जागी मायक्रोस्कोप ठेवला.

“बघ.”

“जेवू द्या की, भावोजी.”

“आधी बघ. मीठ आहे.”

मी एक डोळा मिटून वाकले. काचेच्या पट्टीवर मिठाचे कण होते. प्रत्येक कण म्हणजे एक स्वच्छ, चौकोनी, दार नसलेली खोली.

“जर्मन भिंग,” भावोजी म्हणाले. “असल्या मायक्रोस्कोपच्या पेट्या मुंबईच्या गोदीत येऊन पडल्यात.”

“माहीत आहे.”

“शाळांच्या ऑर्डरी मी हिवाळ्यातच घेतल्यात. ठरल्या भावाने. सरकारी शाळा त्या, एक पैसा वाढवून देणार नाहीत. आणि जर्मन कंपनीचे पैसे द्यायचेत जूनअखेर. मार्कांत.”

“भात निवतोय,” ताई आतून म्हणाली.

“निवू दे. शरयू, रुपया पडला तर तेवढ्याच मार्कांना मला दीडपट रुपये लागतील. दीडपट! दुकान बसलं म्हणून समज.”

“मग आत्ताच देऊन टाका.”

“कशातून? शाळांचे पैसे शाळा उघडल्यावर येणार. आज हाताशी काय आहे, तर हिच्या अंगावरचं सोनं.” स्वयंपाकघराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्या आईचं. ते विकलं आणि रुपया पडलाच नाही, तर मी कुठल्या तोंडाने हिच्यासमोर उभा राहू? आणि न विकता पडला, तर दुकान गेलं. म्हणून एकच विचारतो. पडणार का?”

सहासष्ट साल, मे महिना. दिल्लीत करोलबागेत खाली ‘मिराशी सायंटिफिक’ हे भावोजींचं दुकान आणि वर आम्ही तिघं. मी शरयू सबनीस, सव्वीस वर्षांची, सरकारी स्टेनो. कुठल्या कचेरीत ते सांगणार नाही. रुपयाचं काय करायचं याचा खल जिथे चालला होता, त्याच इमारतीत माझा टाइपरायटर होता, एवढं पुरे. पेपरात रोज सरकार सांगत होतं की रुपयाचं अवमूल्यन मुळीच करणार नाही, आणि रोज आणखी थोड्या लोकांची खात्री पटत होती की करणार.

“मला काय माहीत, भावोजी? मी टायपिस्ट.”

हे खरं होतं. त्या दिवशी.

“कळलं तर सांगशील?”

मी ताट पुढे ओढलं आणि भात कालवला.

“ताई, आमटीत मीठ कमी आहे गं.”

“तुझ्या भावोजींच्या काचेवर आहे बघ,” ताई म्हणाली.

साहेब विचारतात

भटनागरसाहेबांनी दार लावलं. मग पंखा बंद केला. बाहेर लू वाहत होती आणि ते पंखा बंद करून बसले, तेव्हाच मला कळलं की आज साधं काम नाही.

“मिस सबनीस, तुमच्या मेहुण्यांचं परदेशी मालाचं दुकान आहे.”

“हो.”

“तरी मी तुम्हालाच बोलावलं. का, असं विचारणार नाही?”

“नाही.”

“म्हणूनच.”

ते इंग्रजीत बोलत, मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, माझ्याकडे पाठ केली आणि मजकूर सांगायला सुरुवात केली.

(इथे तो मजकूर येतो. आत्ता देत नाही. भावोजींना थांबावं लागलं, तुम्हीही थांबा.)

टाइप झाल्यावर साहेबांनी सगळ्या प्रती घेतल्या. माझ्या वहीतली शॉर्टहँडची पानं फाडून घेतली. कार्बन घेतले. शेवटी उभं राहून टाइपरायटरची रिबनसुद्धा स्वतःच्या हाताने सोडवून घेतली. बोटं काळी झाली. एवढा मोठा अधिकारी, पण रिबन कशी निघते ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी मदत करू का म्हटल्यावर नको म्हणाला.

“घरी विचारतील,” ते म्हणाले.

“विचारतातच.”

“काय सांगाल?”

“भेंडीचा भाव.”

ते हसले नाहीत. “‘होय’ म्हणायचं नाही. ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘मला माहीत नाही’ असंही म्हणायचं नाही. काय टाइप केलं ते नाही, किती केलं ते नाही. आज नाही आणि सगळं झाल्यावरही नाही. शब्द द्या.”

“दिला.”

“इतक्या पटकन?”

“हळू दिला तर जास्त टिकतो का, सर?”

त्यांनी पंखा लावला.

भावोजी पुन्हा विचारतात

“भेंडी महाग झाली,” मी म्हटलं.

“शरयू.”

“कोवळी तर मिळतच नाही.”

“शरयू, मी तुला विचारतोय काय आणि तू सांगतेयस काय!” भावोजींनी पाट मागे ढकलला. ते रागावणाऱ्यांतले नव्हते, म्हणून त्यांना राग नीट येतही नसे. मधेच आवाज फाटायचा. “परवा विचारलं तेव्हा ‘मला काय माहीत’ म्हणालीस. आज तेवढंही म्हणत नाहीस. म्हणजे परवा माहीत नव्हतं आणि आज आहे!”

मी पाणी प्यायले.

“बघ, बघ. पाणी प्यायली!”

“माणसाने पाणीही पिऊ नये का?” ताई म्हणाली.

“तू मधे बोलू नकोस. शरयू, मिरजेहून तुला इथे कोणी आणलं?”

“तुम्ही.”

“शॉर्टहँडच्या क्लासची फी कोणी भरली? मिरजेचे लोक म्हणत होते, मेहुणीला कशाला शिकवतोस, उजवून टाक. मी ऐकलं का?”

“नाही ऐकलंत.”

“मी कधी हे बोलून दाखवलं?”

“आत्ता दाखवलंत.”

त्यांचा चेहरा पडला. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. मी जेवताना ते रोज मला वाटीभर ताक आपल्या हाताने घुसळून देत. त्या दिवशीही दिलं होतं. ते समोरच होतं.

“एक शब्द गं,” ते म्हणाले. “तुला काय जातंय? मी कोणाला सांगणार आहे का? घरातल्या घरात. नुसती मान हलव.”

मी मान हलवली नाही. मान न हलवणं हे किती अवघड काम आहे ते करून बघा. डोक्यावर भरलेली कळशी असल्यासारखी मी बसले होते.

“मान हलवली नाही म्हणजे नाही का?” भावोजी ताईला विचारू लागले. “का ही मुद्दाम हलवत नाहीये? अगं, तू बघ ना हिच्याकडे, तुझी बहीण आहे!”

ताई ताटं उचलत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

“भावोजी,” मी म्हटलं, “उद्या मला दुसऱ्या कोणी हेच विचारलं आणि मी सांगितलं, तर तुम्हाला चालेल?”

“दुसऱ्याला कशाला सांगशील?”

“तेच तर.”

ताक न पिता मी उठले. ते मात्र मला लागलं.

गल्ली विचारते

ती तर तोंडाने विचारतच नव्हती. बघत होती.

आमच्या शेजारी टिपणीसकाका राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी गॅलरीत बसून माझं ऑफिसला जाणं तपासायचे.

“काय शरयूबाई, आज डबा नाही?”

“नाही काका.”

“म्हणजे लवकर परत येणार. म्हणजे काम संपलं. म्हणजे निर्णय झाला!”

“म्हणजे भाजी करपली, काका.”

“असं होय.” ते थोडे विचारात पडायचे. “पण करपली का? लक्ष नव्हतं म्हणून. लक्ष का नव्हतं?”

मी घड्याळाचा पट्टा बदलायला टाकला तर दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोघांनी स्विस घड्याळं घेतली. मी वहिनी म्हणत असे अशा एका बाईने माझ्यासमोर मुद्दाम परदेशी लोकरीचा विषय काढला आणि माझ्या भुवईकडे टक लावून बघत राहिली. मी त्या आठवड्यात भुवईसुद्धा खाजवली नाही.

कचेरीत बरं होतं. तिथे कोणी विचारत नसे. तिथे सगळे एकमेकांना ‘गरमी फार आहे’ म्हणत आणि निघून जात.

ताई विचारत नाही

शुक्रवारी वटपौर्णिमा होती.

पूसा रोडपलीकडे एक वड होता. दिल्लीतल्या मराठी बायका तिथे जमायच्या. येणारेजाणारे सरदारजी सायकली थांबवून बघायचे, की या बायका झाडाला बांधून का ठेवताहेत. ताई हिरवी पैठणी नेसली होती आणि अंगावर आईचं सगळं सोनं होतं. पाटल्या, गोठ, चपलाहार. मी रजा काढून आंब्यांची टोपली धरायला गेले होते. मला अजून कोणाचं आयुष्य मागायचं नव्हतं.

वाटेत मला वाटत होतं, आता विचारेल. भावोजींनी विचारलं, गल्लीने विचारलं. हिचंच तर सोनं आणि हिचंच घर. हिचा हक्क सगळ्यांत मोठा. मी मनात उत्तर जुळवत चालले होते, आणि प्रत्येक उत्तर तिच्यासमोर तोकडं पडत होतं. तिने विचारलं असतं तर मी काय केलं असतं, हे पुढे येईल.

ताईने पूजा केली. सुताचं रीळ हातात घेतलं.

“सूत सुटलं तर सांग,” ती म्हणाली.

“बरं.”

ती फिरू लागली. झाड मोठं होतं. ती मागे गेली की दिसायची नाही, मग दुसऱ्या बाजूने यायची. दर वेळी मला वाटायचं, आता येताना विचारेल. ती आली की सुताकडे बघायची आणि पुन्हा मागे जायची.

टिपणीसकाकू माझ्या कानाशी आल्या. “तुझे भावोजी, गजाननराव, फार काळजीत आहेत म्हणे. तू बाई काहीतरी सांग त्यांना.”

“काकू,” ताई झाडामागून म्हणाली, “तुमचं सूत माझ्या पायात येतंय.”

मग तिने वाण दिलं, आंबे वाटले, मला म्हणाली, “चल.” आणि घराकडे वळायच्या ऐवजी बाजाराकडे वळली. उपाशी, भर उन्हात, पैठणी सावरत. सराफाच्या पेढीची पायरी चढली तेव्हा मला कळलं.

“लाला, तोलून घ्या,” ताई म्हणाली आणि गळ्यातला चपलाहार काढून गादीवर ठेवला.

“बहनजी, आज?” सराफ हात आखडून बसला. वडाची पूजा करून आलेली बाई त्याला कपाळावरच्या मळवटावरून कळत होती. “आज तो आपका बरत है.”

“आहे. वडाकडे नवऱ्याचं आयुष्य मागितलं. दुकान नाही मागितलं. ते मी बघते.”

हे ती मराठीतच बोलली. त्याला कळलं असावं. त्याने तराजू पुढे ओढला.

गोठ निघाले. पाटल्या निघेनात. आईच्या हातातून निघाल्या तेव्हापासून त्या ताईच्या हातात होत्या. सराफाच्या नोकराने साबणाचं पाणी आणलं.

मी शेजारी उभी होते. आणि आता ऐका माझी अवस्था. मी ‘ताई, थांब’ म्हटलं असतं तर तो निरोप झाला असता की रुपया पडत नाही. ‘असू दे, विक’ म्हटलं असतं तर दुसरा निरोप. ‘साबण डोळ्यात जाईल’ म्हटलं असतं, तरी ती जन्मभर त्याचा अर्थ लावत बसली असती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. त्यावर एक गाय होती.

एक पाटली निघाली. दुसरीला ताईचं कातडं सोलवटलं. तिने हूं की चूं केलं नाही. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या उरल्या, आणि पाटल्यांच्या जागी दोन गोरे पट्टे.

पायरी उतरताना ती म्हणाली, “आंबे उरलेत का गं?”

“दोन.”

“एक तू खा. माझा उपास आहे.”

शनिवारी सकाळी भावोजींनी बँकेत जर्मन कंपनीचे पैसे भरले.

रेडिओ कोणालाच विचारत नाही

रविवारी दिवेलागणीनंतर बातमी आली. रुपया पडला. पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना.

भावोजी मायक्रोस्कोप लहान मुलासारखा कडेवर घेऊन खोलीभर नाचले. “वाचलो! माणिक, वाचलो!” मग ताईकडून माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी. “शरयू, तुझे उपकार—”

“मी काही सांगितलं नाही, भावोजी.”

“नाही, नाही! अजिबात नाही सांगितलंस!” आणि त्यांनी डोळा मारला.

“भावोजी, खरंच नाही.”

“मी कुठे म्हणतोय? माणिक, हिने काही सांगितलं का? नाही! झालं तर!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. वाटताना प्रत्येकाला सांगितलं, की आमच्या शरयूने काही म्हणजे काही सांगितलं नाही. अशा हसऱ्या तोंडाने सांगितलं, की दुपारपर्यंत सगळ्या करोलबागेला कळलं की शरयूने सांगितलं. टिपणीसकाका गॅलरीतून म्हणाले, “मी तर डब्यावरूनच ओळखलं होतं.”

सरकार विचारतं

प्रश्न : आपलं नाव?

उत्तर : शरयू वामन सबनीस.

प्रश्न : शुक्रवारी आपल्या बहिणीने सोनं विकलं. शनिवारी आपल्या मेहुण्यांनी परदेशी देणं भरलं. रविवारी घोषणा झाली. हा योगायोग?

उत्तर : शुक्रवारनंतर शनिवार येतो, साहेब. शनिवारनंतर रविवार.

प्रश्न : थट्टा नको. सोनं विकलं तेव्हा आपण तिथे होतात?

उत्तर : होते.

प्रश्न : काय बोललात?

उत्तर : काही नाही.

प्रश्न : खूण केलीत?

उत्तर : नाही. गाय बघत होते.

प्रश्न : कोणती गाय?

उत्तर : कॅलेंडरवरची.

प्रश्न : आपले मेहुणे लोकांना सांगतात की आपण सांगितलं.

उत्तर : ते सांगतात की मी सांगितलं नाही. लोकांना विचारा.

प्रश्न : मग आपल्या बहिणीला कसं कळलं?

उत्तर : तिला विचारा.

प्रश्न : विचारलं. त्या म्हणाल्या, सोनं माझं होतं, मी विकलं, सरकारला पावती हवी असेल तर सराफाकडे मिळेल.

उत्तर : मग झालं की.

प्रश्न : घोषणेच्या आधीच्या आठवड्यात श्री. भटनागर यांनी आपल्याला काय टाइप करायला दिलं होतं?

उत्तर :

प्रश्न : मिस सबनीस?

उत्तर :

प्रश्न : आपण बोलला नाहीत तर आम्ही असं धरू, की आपल्याला निर्णय माहीत होता आणि तो आपण फोडला. बचावात काही म्हणायचं आहे?

उत्तर :

भटनागरसाहेब त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात मांडीखाली घेऊन. प्रश्न विचारणारा अधिकारी दुसऱ्या खात्याचा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्या खोलीत ठाऊक होतं ते फक्त आम्हा दोघांना.

तो मजकूर आता देते.

साहेबांनी त्या दिवशी पंखा बंद करून दोन भाषणं सांगितली होती. एकात सरकारने रुपयाची किंमत उतरवली होती आणि ती का उतरवावी लागली याची कारणं होती. दुसऱ्यात सरकार ती उतरवणार नव्हतं, दबावाला बळी पडणार नव्हतं, आणि त्याचीही कारणं होती. दोन्ही सारख्याच लांबीची. दोन्हींना सारखे लिफाफे. कोणतं वाचलं जाणार हे त्या दिवशी साहेबांनाही ठाऊक नव्हतं. मला रविवारी रेडिओवरून कळलं, भावोजींना कळलं त्याच क्षणी. खरं सांगायचं तर दुसरं भाषण जास्त चांगलं होतं. ते वाचलं जाणार असं मला वाटलं होतं.

ताई सोनं फुकट घालवतेय असं वाटत असूनही मी त्या गाईकडे बघत राहिले होते.

तेव्हा माझी नोकरी वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं. ‘मी दोन्ही टाइप केली होती, मला माहीतच नव्हतं.’ साहेबांनी नुसती मान डोलावली असती तरी मी सुटले असते. पण बाहेर मोर्चे निघत होते, की परदेशातून डोळे वटारले आणि सरकार वाकलं. ‘वाकणार नाही’ असं लिहिलेलं भाषण लिफाफ्यात तयार होतं आणि ते बाजूला ठेवलं गेलं, हे कळलं असतं तर साहेब संपले असते. साहेब ते जाणून होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मग खिडकीकडे बघू लागले.

पण मी गप्प राहिले ते साहेबांसाठी नाही. माझी बहीण हातावरचं कातडं सोलवटून घेत होती तेव्हा मी ‘मला माहीत नाही’ एवढंही म्हटलं नव्हतं. आणि आता माझ्या खुर्चीसाठी म्हणू? ज्या तोंडाला ताईपुढे कुलूप लावलं, ते या मिशाळ गृहस्थापुढे उघडायचं?

“राजीनामा द्या,” अधिकारी म्हणाला. “गवगवा होणार नाही. लग्नाचं कारण लिहा. मुलगी आहात, कोणी काही म्हणणार नाही.”

“माझं लग्न ठरलेलं नाही.”

“घरगुती अडचण लिहा.”

“घरी सगळं ठीक आहे.”

“मग तुम्हाला काढून टाकावं लागेल. सेवापुस्तकात तसं लिहिलं जाईल. पुन्हा सरकारी नोकरी मिळणार नाही, कळतंय का?”

“काढा. राजीनाम्याला कारण द्यावं लागतं, आणि मला कारण नाही. तुमच्याकडे असेल तर तुम्ही लिहा.”

त्याने लिहिलं.

व्हरांड्यात भटनागरसाहेब मागून आले. पांढरे पडले होते. “मिस सबनीस... मी तुमचा—”

“तुमच्यासाठी नाही केलं, सर,” मी म्हटलं. “आणि त्या टाइपरायटरला नवी रिबन बसवायला सांगा. नव्या मुलीला बिचारीला शोधावी लागेल.”

भावोजी शेवटचं विचारतात

“मी जातो!” भावोजी चप्पल शोधत होते. “मी त्यांना जाऊन सांगतो की तू सांगितलं नाहीस!”

“भावोजी, तुम्हाला पटतं का ते?”

त्यांचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर.

“खरं सांगा.”

“तू... शरयू, तू सांगितलंसच असशील ना गं हिला? काहीतरी. थोडंसं?” त्यांचा आवाज पुन्हा फाटला. “नाहीतर ही बाई एवढं सोनं कशाच्या भरवशावर विकेल?”

ताई ताक घुसळत होती. ते काम भावोजींचं होतं, पण चौकशी सुरू झाल्यापासून तिने ते आपल्याकडे घेतलं होतं. रवी थांबली.

“भरवसा कसला? मी तिला विचारलंच नाही.”

“मग का विकलंस?”

“तुम्ही रोज माझ्या बहिणीला माझ्याच घरात पानावर बसल्या बसल्या कोंडीत धरत होतात. ती घास तोंडात घालायला घाबरत होती, की घासाचाही तुम्ही अर्थ लावाल. विकू की नको, विकू की नको. सोनं होतं तोवर प्रश्न होता. सोनं गेलं, प्रश्न संपला.”

“आणि रुपया पडला नसता तर?”

“नसता पडला.” ताईने ताकाची वाटी माझ्यासमोर ठेवली. “ती पोटभर जेवली तरी असती.”

भावोजींनी पायातली चप्पल काढली.  मग गॅलरीत गेले आणि टिपणीसकाकांना ओरडून म्हणाले, “आमच्या शरयूने काही सांगितलं नव्हतं!” या वेळी ते हसत नव्हते.

“हो हो,” काका म्हणाले. “कळलं.”

ताई विचारते

करोलबागेतच, मिराशी सायंटिफिकच्या मागच्या खोलीत, मी टायपिंगचा क्लास काढला. भावोजींनी पहिला टाइपरायटर आणून दिला आणि फीबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली त्याच इमारतीत लागल्या. मला तिथे पुन्हा कोणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही.

भावोजी गेले. भटनागरसाहेब गेल्याचं पेपरात वाचलं. मग ताई अंथरुणाला खिळली.

एका दुपारी मी तिच्या हाताला तेल लावत होते. मनगटावरचे गोरे पट्टे कधीच नाहीसे झाले होते, पण सोलवटलेल्या जागेची पुसट रेघ होती. हातात अजून काचेच्याच बांगड्या; भावोजी गेल्यावरही तिने त्या उतरवू दिल्या नव्हत्या. भावोजींनी पुढे दोनदा पाटल्या करायचं काढलं, तर दोन्ही वेळा ती म्हणाली होती, “पुन्हा विकायला लागतील.”

“शरू, एक विचारू?”

“इतकी वर्षं नाही विचारलंस.”

“आता विचारते. त्या दिवशी मी सोनं विकलं नसतं. झाडाला फेरे घालता घालता तुलाच विचारलं असतं, की बाई, सांग, माझं घर जातंय. तर तू सांगितलं असतंस?”

मी तेलाची वाटी खाली ठेवली. मला माहीतच नव्हतं, असं म्हणता आलं असतं. खरं होतं, सोपं होतं, आणि आता त्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पण तिने ते विचारलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

ताई हसली. बांगड्या वाजल्या.

“वाटलंच होतं मला,” ती म्हणाली. “म्हणून तर विकल्या.”